हिवाळी विजेतेपद

बेसबॉलमध्ये दोन स्पर्धा असतात: उन्हाळ्यात मैदानावरची आणि हिवाळ्यात चेकबुकावरची. न्यूयॉर्क मेट्सनी डिसेंबर २०२४ मध्ये दुसरी दणक्यात जिंकली. फलंदाज हुआन सोटोशी करार: १५ वर्षं, ७६.५ कोटी डॉलर! त्याचा आधीचा संघ, शहरातलेच यांकीज, १६ वर्षांचे ७६ कोटी द्यायला तयार होते. शेजाऱ्यांच्या नाकावर टिच्चून त्यांचाच माणूस पळवला म्हटल्यावर मेट्सच्या चाहत्यांनी निम्मा चषक तिथेच उचलला.

पुढच्या मोसमात सोटोने ४३ होमरन मारून पैसे वसूल करून दिले. जूनच्या मध्यावर संघ सगळ्यांच्या पुढे होता. पण चेंडू टाकायलाही धड माणसं लागतात, हे खरेदीच्या यादीत लिहायचं राहिलं असावं. मोसमाच्या शेवटच्या दिवशी मायामीकडून ०-४ ने हार, आणि मेट्स घरी.

मग पुन्हा हिवाळा, पुन्हा बाजार. घरचा पीट अलोन्सो बाल्टिमोरला गेला, एडविन डियाझ डॉजर्सकडे. काल ‘कुणालाही आणा’ म्हणणारे आज ‘आपल्याला का सोडलं’ म्हणून गळा काढताहेत.

यात शहाणे एकच: मेट्सचे माजी खेळाडू बॉबी बोनिया. मेट्सला ते २००० साली नकोसे झाले, पण हिशेब असा ठरला की दर १ जुलैला त्यांना सुमारे १२ लाख डॉलर मिळतात. तेही २०३५ पर्यंत. चाहत्यांनो, खेळाडू कुठला घ्यावा यावर खुशाल भांडा. पण करार करताना वकील मात्र बोनियांचाच घ्या.