उसना गुरुजी

आमच्या वाडीतल्या शाळेचा पट सात. इयत्ता चार, शिक्षक दोन. म्हणजे कागदावर दोन. त्यातले एक गुरुजी गेल्या जूनपासून वहाळापलीकडच्या शाळेत 'कामगिरीवर' आहेत, कारण तिथले गुरुजी आंतरजिल्हा बदलीने घाटावर गेले. याला शाळाशाळांमधलं सहकार्य म्हणायचं. घरात साखर संपली की आपण शेजारून वाटी आणतो, तसे गुरुजी आणले. फरक एवढाच की वाटी परत जाते.

कल्पना जुनी आहे हो. हायस्कूलभोवतीच्या प्राथमिक शाळांनी मिळून संकुल करावं, असं कोठारी आयोगाने 1966 मध्येच सांगून ठेवलं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तेच पुन्हा सांगितलं. मधल्या काळात आपण केंद्रशाळा केली, केंद्रप्रमुख नेमले, शिक्षण परिषद सुरू केली. परिषदेत आदर्श पाठ होतो, वडा-चहा होतो, सह्या होतात, फोटो ग्रुपवर पडतो. त्या दिवशी आमच्याकडे पोषण आहाराच्या ताई खिचडी ढवळता ढवळता पोरांकडून पाढे म्हणून घेतात. खरं सांगू? बेचा पाढा त्याच दिवशी पक्का झाला.

मग शिक्षण खात्याचं 21 सप्टेंबर 2023 चं पत्र आलं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मिळून समूह शाळा करा. नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळच्या शाळा. राज्यात तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा होत्या 14,783, मुलं 1,85,467. पोरांना गाडीत घाला नि मोठ्या शाळेत न्या, झालं. आमच्याकडे गाडी सड्यावरूनच वळते. तिथवर वीस मिनिटांची पाखाडी, मध्ये साकव, आणि आषाढात वहाळ साकवाच्या वरून वाहतो. पहिलीतल्या पोरीने तेव्हा पोहत यायचं काय?

चालायचंच असेल तर मोठ्यांनी चालावं. केंद्रात एखाद्या बाईंचं इंग्रजी झकास असतं, एखाद्या गुरुजींचं गणित. त्यांनी आठवड्यातून एकेक दिवस चार शाळा फिराव्यात. पण त्यात प्रवासभत्त्याचं बिल येतं, आणि पोरांच्या पायपिटीचं बिल कोणी लावत नाही.

परवा आमचे गुरुजी पाखाडी चढून येताना दिसले. पोरं धावली. ते आमच्या शाळेतली गणित पेटी न्यायला आले होते.

"उद्या तिकडे तपासणी आहे. पेटी परवा आणून देतो," म्हणाले. स्वतःबद्दल काही बोलले नाहीत.