मागच्या सीटवरून आंबेनळी

मोटरसायकलवर गाडी लागते ती बहुधा मागे बसणाऱ्याला. चालवणारा वळणाआधीच अंग सावरतो. मागच्याला वळण आल्यावर कळते. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट या विषयाच्या अभ्यासाला सोयीचा आहे. वाटेत प्रतापगड दिसतो, असे डोळे उघडे ठेवणारे सांगतात.

तोलाचे खाते आतल्या कानाकडे असते. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव डोके फिरताच मागे रेंगाळतो आणि फिरल्याची वर्दी देतो. शेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. खाली कुठे, हे ते ठरवतात. कललेल्या मोटरसायकलवर गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा जोर यांची बेरीज नेमकी सीटच्या दिशेने येते. खडे म्हणतात, सरळ बसलोय. नलिका म्हणतात, फिरतोय. डोळ्यांना दिसते ते तिरपे झालेले सावित्रीचे खोरे, नाहीतर समोरची ढिम्म पाठ. मेंदू या भांडणाचा राग पोटावर काढतो.

आधी जांभया, मग थंड घाम, तोंडाला सुटलेले पाणी, मळमळ. हे सारे बंद हेल्मेटमध्ये चालते. मागे मेहुणा असेल तर संकोचापायी आणखी दोन वळणे जातात. नंतर "दाजी, जरा बाजूला घ्या" हे वाऱ्यात "जरा जोरात घ्या" असे ऐकू येते आणि दाजी खुशीने तसे करतात. अखेर गाडी थांबते, पण घामेजल्या बोटांना हनुवटीचा पट्टा सुटत नाही. महाबळेश्वरचे स्ट्रॉबेरी-क्रीम दुसऱ्यांदा भेटते, तेही हेल्मेटच्या आतच. दाजी एक शब्द बोलत नाहीत. पाठ चोळतात, बाटली रिती करतात, हेल्मेट स्वतःच्या रुमालाने पुसतात; घरी काही सांगायचे नाही, हेही न बोलता ठरते.

घाबरून वळणाच्या उलट बाजूला कलणे मात्र उलटीपेक्षा घातक. चालकाबरोबरच कलावे आणि त्याच्या खांद्यावरून दूर पाहावे. आल्याचा तुकडा, आवळासुपारी जवळ असावी. उलटीची गोळी निघण्याआधी घ्यायची असते, पण तिने गुंगी येते, आणि मागच्या सीटला पाठ टेकायला काही नसते. घाट नसताना, नुसती कूस बदलताच घर फिरू लागले, तर खडे नलिकेत घरंगळलेले असू शकतात. डॉक्टर डोके ठरावीक रीतीने वळवून ते परत जागी आणतात. तोवर मोटरसायकलच्या दोन्ही सीट वर्ज्य.