बेस वाढवा, दिवा नंतर बघू

कऱ्हाड-वाळव्याच्या पट्ट्यात गाळप हंगाम सुरू झाल्याचं कळायला कारखान्याचा भोंगा लागत नाही. रेठऱ्याला नाहीतर साखराळ्याला दोन ट्रॉल्या ऊस ओढत निघालेला ट्रॅक्टर दिसायच्या आधी छातीत वाजतो.

कंपनीचा टेप असलाच तर तो आधी काढायचा, हा रिवाज. मग अँप्लिफायर, टपाला स्पीकर, सीटमागं सबवूफर. खोक्यावर छापलेत 5000 वॅट. बॅटरी 12 व्होल्टची. खरे 1000 वॅट काढायचे म्हटले तरी 80 अँपियरहून जास्त करंट लागतो. तेवढा अल्टरनेटर देतो का, हे बसवणाऱ्याला विचारायचं नसतं. तोच विचारतो, "घुमतंय का बघा." घुमतंय की! मडगार्डसुद्धा घुमतंय.

मागच्या ट्रॉलीला लाल दिवा नाही. रिफ्लेक्टर असेल, पण चिखलाखाली. सबवूफरला मात्र निळ्या दिव्यांची माळ आहे, आणि मागचा मोटारसायकलवाला साइड मागत बसलाय. त्याचा हॉर्न ऐकणार कोण?

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्रीसाठी 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. तेवढ्यात नुसतं इंजिनही बसत नाही. मालक म्हणतात, इंजिनच एवढं ओरडतंय, गाणं ऐकू यायला नको? शिवाय चालवणाऱ्या पोराला रात्री झोप लागू नये. हे पटण्यासारखं आहे. रस्त्याकडेच्या कुठल्याच गावाला लागत नाही. पोरगा तेवढा वजनकाट्यापुढच्या रांगेत, साउंड चालू ठेवून, स्टेअरिंगवर घोरत असतो.