नाना लंडन दाखवतात

नाना लंडनला गेले ते तपासनिसाच्या थाटात. हयात बेस्टच्या नोकरीत गेलेली. कशातली तरी चूक काढल्याशिवाय त्यांना प्रवास झाल्यासारखा वाटत नाही. बाळ्या म्हणजे चाळीत त्यांच्याबरोबर गोट्या खेळलेला आणि पुढे लंडनजवळ हॅरोला जाऊन स्थायिक झालेला मित्र. तो दर दिवाळीला फोनवर म्हणायचा, "नान्या, एकदा ये रे, तुला लंडन दाखवतो." समोरचा येणार नाही याची खात्री असते म्हणूनच माणूस असं आमंत्रण देतो. नाना गेले.

हे एकट्या नानांचं नाही. गिरगाव, दादर, लालबागच्या प्रत्येक चाळीत, आणि चाळीचा टॉवर झाला असेल तर टॉवरात, यजमानाला त्याचंच शहर दाखवून येणारा असा एक पाहुणा असतोच. नाना मला जवळून बघायला मिळाले, इतकंच.

तयारीची सुरुवात लालबागला झाली. मिरची गल्लीत उभं राहून डोळ्यांदेखत कांडून घेतलेला मसाला, चिवडा गल्लीतला चिवडा, शिवाय मेतकूट आणि कुळथाचं पीठ. भरलेली बॅग नानांनी रद्दीवाल्याच्या काट्याला लटकवून तोलली. तो काटा पिढ्यान् पिढ्या कमीच दाखवत आलेला. त्याने बरोबर तेवीस किलो दाखवले तेव्हाच संशय यायला हवा होता. कुळथाचं पीठ विमानतळावरूनच सोडायला आलेल्या जावयाच्या पिशवीतून गिरगावात परतलं.

मुंबईच्या पाहुण्यांसाठी बाळ्याचा एक ठरलेला फेरा आहे. शनिवारी बिग बेन, मग लंडन आय खालून, राजवाड्याचं फाटक आणि रात्री घरी पावभाजी. रविवारी सेल. यापलीकडचं लंडन बाळ्याने पाहिलेलं नव्हतं. घर, ऑफिस, आठवड्याचा बाजार आणि गणपतीत महाराष्ट्र मंडळ, एवढ्यात त्याची वर्षं सरली. मंडळ १९३२ साली स्थापन झालं हेही त्याला नानांकडून कळलं. यात बाळ्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आपण राहतो ते शहर बघायला घरी पाहुणाच यावा लागतो.

बिग बेनसमोर नाना फार रेंगाळले नाहीत. "आमचा राजाबाई टॉवर ह्याच्याच धर्तीचा. नकाशा काढला तो जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी फिरकलासुद्धा नाही. घरबसल्या काम! त्याचंच इथे सेंट पँक्रस स्टेशनाला हॉटेल आहे. चल, ते बघू." आपण रोज कुठल्या हॉटेलावरून जातो हे बाळ्याला त्या दिवशी कळलं.

खरी मौज बसमध्ये झाली. लाल डबलडेकर दिसताच नानांचा ऊर भरून आला. बेस्टने १९३७ साली पहिली डबलडेकर आणली, इथपासून त्यांनी वरच्या मजल्यावरच्या पुढच्या सीटवर बसून इतिहास सुरू केला. मधेच थांबून विचारलं, "कंडक्टर कुठाय?"

"नसतो रे आता."

"मग 'पुढे चला' कोण म्हणतं?"

कोणीच म्हणत नाही हे कळल्यावर ती जबाबदारी नानांनी घेतली. एका स्टॉपवर बस जरा जास्त वेळ उभी राहिली, तेव्हा त्यांनी दांड्यावरचं लाल बटण दोनदा दाबलं. डबल बेल म्हणजे गाडी सोडा, हे वडाळा डेपोत शेंबड्या पोरालाही ठाऊक. लंडनच्या ड्रायव्हरला नव्हतं. त्याने पुढच्या स्टॉपवर गाडी इमानदारीत उभी केली, दार उघडलं आणि उतरणाऱ्याची वाट बघत बसला.

भुयारी गाडीत नाना एका गोऱ्या गृहस्थासमोर उभे राहिले आणि चर्चगेट-विरार शिरस्त्याने विचारते झाले, "यू गेटिंग डाऊन व्हेअर?" त्या गृहस्थाला आयुष्यात हा प्रश्न कोणी विचारला नसावा. त्याने पेपराची घडी घातली आणि पुढच्याच स्टेशनावर उतरून गेला. नाना बसले आणि बाळ्याला म्हणाले, "तुमची ही भुयारी गाडी १८६३ ची. आमची बोरीबंदर-ठाणे १८५३ ची." जमिनीवरची गाडी इंग्लंडात त्याच्याही कितीतरी आधी धावत होती, ही माहिती ते कोणालाही देत नाहीत.

टॉवर ऑफ लंडनचं तिकीट ऐकून मात्र ते रस्त्यातच थांबले. "ह्यांच्या राजाला मुंबई हुंड्यात मिळाली. १६६८ साली त्याने ती कंपनीला दिली ती वर्षाला दहा पौंड भाड्याने. अख्खी मुंबई दहा पौंड, आणि हा एक किल्ला बघायला त्याहून जास्त?" मुंबईतल्या जुन्या भाड्यांची गोष्ट तिथूनच सुरू होते, असं त्यांचं मत आहे. त्यांच्या स्वतःच्या पागडीच्या खोलीचं भाडं ऐकलं तर कंपनीसुद्धा लाजेल. किल्ला त्यांनी बाहेरून बघितला.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम फुकट, म्हणून तिथे दोनदा. दारातल्या पहारेकऱ्याला नानांनी थांबवलं. "आमच्या भायखळ्याला ह्याच नावाचं म्युझियम १८७२ साली उघडलं. तुम्ही हे नाव घेतलंत १८९९ मध्ये. आम्ही काही बोललो नाही. पंचाहत्तर साली आमच्याला डॉक्टर भाऊ दाजी लाडांचं नाव दिलं, तेव्हा तुमचं चालू द्या." पहारेकरी "थँक यू, सर" म्हणाला. नानांनी तो माफीनामा समजून स्वीकारला.

एक दिवस त्यांनी बाळ्याला मेडा व्हेलमध्ये हाउली प्लेसच्या दहा नंबरच्या घरासमोर नेलं. टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहिले; भिंतीवर तशी निळी पाटी आहे. चौपाटीवर टिळकांना निरोप द्यायला नानांचे आजोबा पावसात उभे होते, हे आम्ही गणपतीत दरवर्षी ऐकतो. नानांनी फुटपाथवर बूट काढले. बाळ्या इकडेतिकडे बघत राहिला आणि मग त्यानेही काढले. तिथून ते किंग हेन्रीज रोडला गेले, १९२१-२२ मध्ये बाबासाहेब जिथे राहिले त्या घरी. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते विकत घेतलं. आतल्या पायऱ्या चढताना नाना परळच्या बीआयटी चाळीबद्दल सांगत होते: बाबासाहेबांच्या तिथल्या दोन खोल्या, पुढे दादरला पुस्तकांसाठी बांधलेलं राजगृह. त्या दिवशी त्यांनी कशालाच नावं ठेवली नाहीत. घरी आल्यावर बाळ्याच्या बायकोने त्यांना विचारलं, "भावजी, उद्या कुठे नेताय आम्हाला?"

नाना परतले तेव्हा बाळ्याला लंडन बऱ्यापैकी कळू लागलं होतं. हिवाळ्यात तो मुंबईला आला तो यादी घेऊनच. राजाबाई टॉवर, काळा घोडा उचलून नेला ती राणीची बाग आणि मुख्य म्हणजे लंडनच्याही आधी ते नाव मिळालेलं म्युझियम. नाना गप्प झाले. चाळीत कुजबुज सुरू झाली, कारण नाना राणीच्या बागेत शेवटचे गेले होते ते मुलीला हत्ती दाखवायला, आणि म्युझियमच्या दारातला हत्ती दगडी म्हणून बाहेरूनच पुढे गेले होते.

तरी मोठ्या रुबाबात टॅक्सी करून ते बाळ्याला भायखळ्याला घेऊन गेले. फाटक बंद. आतून वॉचमन म्हणाला, "आज बुधवार आहे, काका. म्युझियम बंद, बागपण बंद."

"माहितीये," नाना म्हणाले. "ह्याने मला लंडन आय खालून दाखवला होता."