त्रेचाळिसाच्या पुढे

३० मे २०२४ रोजी नागपूरच्या रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान नोंदवलं आणि अख्ख्या शहराची छाती फुगली. पुढे हवामान खात्यानं सेन्सर बिघडला होता असा खुलासा केला, तेव्हा हायसं वाटायच्या ऐवजी कोणीतरी गळ्यातलं पदक काढून नेल्यासारखं झालं. त्या छप्पन्न अंशांच्या भरात आमच्या घरी एसी घ्यायचा ठराव मंजूर झाला होता. सेन्सर नापास झाला, ठराव मात्र कोणी मागे घेतला नाही. अमलात यायला तेवढा पुढचा मार्च उजाडला.

विरोधी मत एकच, बाबांचं. बाबा कट्टर कूलरपंथी. होळी झाली की टाकी घासायची, वाळ्याच्या नव्या ताट्या बांधायच्या, टुल्लू पंपात अडकलेला कचरा काढायचा, हा त्यांचा वार्षिक कुळाचार. आणि शास्त्रही त्यांच्याच बाजूचं. आपली मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की ओल्या ताटीतून आलेला वारा दहा-बारा अंश सहज उतरतो. पहिला पाऊस पडला की तोच कूलर घराचं इडलीपात्र करतो, हा भाग बाबा सांगत नाहीत.

ब्रँड ठरवायला घरात बैठका बसल्या. साडूंचा आग्रह स्वदेशीचा, म्हणजे व्होल्टासचा. ती कंपनी १९५४ साली टाटांनी फोल्कार्ट ब्रदर्स या स्विस पेढीबरोबर काढली आणि नावातलं ‘व्होल’ त्या स्विसांचं आहे, हे कळल्यावर ते अर्धा तास बोलले नाहीत. शेजारचे काका जपानी मालाच्या बाजूचे, म्हणून डायकिनचे. त्यांना कोणीतरी राजस्थानातल्या नीमराण्याच्या कारखान्याची आठवण दिली. मग दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं, जणू कंपन्या मीच काढल्या.

बाबांची हरकत तांत्रिक होती. ‘दीड टन? स्लॅब पेलन का?’ त्यांना समजावलं की हे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून बाहेर काढणारं यंत्र म्हणजे एक टनाचं, ताशी १२,००० बीटीयूचं. बाबा म्हणाले, ‘मंग बर्फच आणा न जी. कायले मशीन पाह्यजे?’

खरी गंमत एसीवरच्या ताऱ्यांची आहे. पाच तारे पाहून आपण जादा पैसे मोजतो. हे तारे वर्षभराच्या सरासरी कार्यक्षमतेवर मिळतात आणि त्या हिशेबात वर्षाचे १६०० तास धरतात, बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश. त्रेचाळीसला तक्ता संपतो! तिथं तर आमची सकाळ संपते. त्रेचाळीसला नागपूरचा माणूस म्हणतो, ‘आज बरं आहे जी.’ यंत्राची मूळ क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश असताना. ३५ म्हणजे आमचा मार्च. मे २०१३ मध्ये शहरानं ४७.९ पाहिलं, ते वरचे पाच अंश कोणाच्या खात्यात टाकायचे? पण तारे वाटणाऱ्या एकट्या दिल्लीला तरी का बोला. १९५३च्या नागपूर करारात वर्षाला एक अधिवेशन इथं घ्यायचं ठरलं आणि सरकारनं त्यासाठी बहुतेक हिवाळाच पसंत केला. आमचा मे महिना कोणाच्याच कागदावर नाही.

दुकानदार म्हणाला, ‘बावन्न डिग्रीतही चालते सर.’ चालते म्हणाला. गार करते असं त्यानं शेवटपर्यंत म्हटलं नाही. प्रामाणिक माणूस.

एवढ्या मंथनातून जो ब्रँड निघाला तो घरी आला आणि सात दिवस खोक्यात बसला. आठव्या दिवशी फिटिंगवाला पोरगा उगवला. टी-शर्टवर एका कंपनीचं नाव, टोपीवर दुसरीचं, पिशवीवर तिसरीचं. दोन महिने आम्ही ज्यांच्यात फरक शोधत होतो, त्या सगळ्या कंपन्या त्यानं अंगावर एकत्र नांदवल्या होत्या. स्टँडचे वेगळे, दहा फुटांच्या पुढच्या कॉपर पाइपचे फुटावर, भिंतीला भोक पाडायचे वेगळे. भोक न पाडता बसवता येतो का, असं बाबांनी विचारलं.

मला एकच गोष्ट माहीत होती. पाइपातली हवा आणि ओल पंपानं खेचून काढायची, मगच गॅस सोडायचा. हवा आत राहिली की कॉम्प्रेसर जन्मभर दम लागल्यासारखा राबतो. म्हणून विचारलं, ‘व्हॅक्यूम पंप आणला का?’

‘आहे न जी, गाडीवर आहे.’

गाडी मानेवाड्यात होती. त्यानं नट जरासा ढिला केला, थोडा गॅस सोडून फुस्स आवाज काढला आणि म्हणाला, ‘झालं व्हॅक्यूम.’ चाळीस मिनिटांत दोन महिन्यांचा अभ्यास भिंतीला टांगून तो गेला. आउटडोअर युनिट गच्चीवर, पश्चिमेच्या भिंतीला. खालची जागा सावलीची होती, पण पाइप कमी पडत होता आणि सव्वा दोन हजार वाचवणारा महापुरुष मीच.

मेअखेरचा नवतपा लागला आणि एसी रोज दुपारी दोनला बंद पडू लागला. पोरगा आला, आउटडोअरला हात लावून हात झटकला. ‘मशीनमध्ये काही खराबी नाही काकाजी. उन्हात खराबी आहे.’ वर ग्रीन नेट बांधा, म्हणाला, आणि घरात जुना कूलर पडला असंल तर आउटडोअरसमोर लावून पाहा.

कूलर आता गच्चीवर असतो. त्याला रोज चार बादल्या पाणी मी चढवतो. दुपारी खाली खोली गार होते, हे कबूल केलं पाहिजे.

परवा रात्री दीडला जाग आली तर बाबा खोलीत नव्हते. वर गेलो. त्यांनी कूलरचं तोंड फिरवून घेतलं होतं आणि समोर बाज टाकून गाढ झोपले होते.