आठ नहरींचा कोळी

झुरळ कसं पळतं हे बघायचं असेल तर हातातली चप्पल आधी खाली ठेवावी लागते. मग दिसतं, की एका बाजूचे पुढचा-मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला असे तीन पाय जमिनीवर टेकलेले आहेत, उरलेले तीन हवेत. पुढच्या क्षणी अदलाबदल. चालतानाही अंगाखाली एक तिपाई कायम, आणि फरशी कितीही उंचसखल असली तरी तिपाई डुगडुगत नाही. दोन पायांच्या माणसाच्या नशिबी हे सुख कुठलं? गुलमंडीच्या बाजारातल्या गर्दीत एक पाय उचलला, की पिशव्यांसकट सगळा संसार दुसऱ्यावर तोलून धरायचा!

अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा या तिपाईच्या नादी लागला आहे. त्याच्या सहापायी यंत्राला मोटरी तीनच, पाय जाड तारेचे. मधली मोटर अंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलंडवते. जी बाजू उचलली जाते तिथले पुढचा-मागचा पाय तेवढ्यात पुढे सरकून घेतात. ते झुलत झुलत सोफ्याखाली गेलं तेव्हा मी विचारलं, "याचं डोकं कुठाय रे?"

"मामा, चालायला डोकं कशाला लागतं?"

उत्तर उर्मट होतं, पण खरं होतं. १९८९ साली अमेरिकेतल्या एमआयटीत रॉडनी ब्रूक्स यांनी सहा पायांचा, किलोभर वजनाचा, बारा मोटरींचा एक यांत्रिक किडा केला आणि नाव ठेवलं चंगीझ. सगळ्या पायांना हुकूम सोडणारा सेनापती त्याच्यात नव्हताच. जो तो पाय आपल्यापुरतं बघे, आणि त्यातूनच चाल जमून येई. इतकं सामंजस्य मी एकाही हाउसिंग सोसायटीत पाहिलेलं नाही.

कोळ्याची तऱ्हा याहून न्यारी. त्याच्या पायांतल्या दोन मोठ्या सांध्यांना आखडणारे स्नायू आहेत, ताणणारे नाहीत. पाय सरळ होतो तो शरीरातल्या द्रवाच्या दाबानं. हे कळलं आणि मला आपली छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आठवली. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नहरीतून, म्हणजे मातीच्या नळांतून, कित्येक किलोमीटर येतं, दाबानं उंच भिंतीवर चढतं आणि तिथून कोसळून दगडी जातं फिरवतं. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात आलेल्या फकीर-यात्रेकरूंचं पीठ या पाण्यानं दळलं. कोळीही असाच आतल्या पाण्यावर चालणारा. आठ नहरी अंगात घेऊन भिंती चढतो, आणि आपण त्याला केरसुणीनं झटकतो.

दाब गेला की आखडणं तेवढं उरतं. म्हणून मेलेला कोळी पाय पोटाशी घेऊन पडलेला सापडतो. टेक्सासच्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली अशाच मेलेल्या कोळ्यात सुई खुपसून हवा भरली. पाय उघडले, हवा काढताच मिटले, आणि मिटताना त्यांनी समोरची वस्तू उचलली, चक्क स्वतःच्या वजनाहून जड. भाच्यानं तो व्हिडिओ मोठ्या कौतुकानं आमच्या आईला दाखवला. तिनं चष्मा पुसून तो दोनदा पाहिला. मग म्हणाली, "अरे, जन्मभर आठ-आठ पाय झिजवले त्यानं. आता तरी पडू द्या की मेल्याला!"