गिरणीवाल्यांची जाळी

अहो, जरा इकडे या, कुंपणापाशी. मोठ्यानं नको बोलायला, मास्तरीणबाईंची खिडकी उघडी आहे. ऐकलंत का? गिरणीवाल्यांकडे काल आशाताई आल्या होत्या, अळ्यांच्या सर्व्हेला. हातात वही, टॉर्च. आणि डासांच्या अळ्या सापडल्या कुठे म्हणता? त्या जाळीच्या आत! एवढा खर्च करून लावलेल्या जाळीच्या आत! वहिनींचा चेहरा तर... पण थांबा, आधीचं सांगितल्याशिवाय त्यात मजा नाही.

दिवाळीनंतर त्यांनी ते काम काढलं, लेक पहिल्या बाळंतपणाला येणार म्हणून. नुसता ओटा नाही हो, पुढचं अंगणसुद्धा घेतलं आत. खाली दोन फूट कट्टा, वर अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी, आणि अंगणावर डोक्यावरही जाळी. गिरणीवाल्या दादांचा जीव नायलॉनवर, स्वस्त ना! फॅब्रिकेशनवाला म्हणाला, आपल्या जळगावच्या उन्हात पारा पंचेचाळिशीला टेकतो, नायलॉन कडक होऊन भुगा होतो. फायबरग्लास घ्या, गंजत नाही. आणि खाली जिथे मांजर नखं मारतं तिथे स्टील. दादा म्हणाले, ‘‘एवढा थाट माणसांना कशाला?’’ तर वहिनी काय म्हणाल्या माहितीये? ‘‘केळीची रोपं नेटहाऊसमधलीच हवीत म्हणून नर्सरीवाल्याशी भांडता. मावा बसेल, हरण्या रोग येईल म्हणून झोप उडते तुमची. आणि नातवंडाला डास चावलेला चालेल?’’ दादा गप. सरळ गिरणीत गेले नि पट्टा चालू केला.

सासूबाईंनी मात्र गल्ली डोक्यावर घेतली. ‘‘व माय, मले पिंजऱ्यात टाकती का व तू? इतके उन्हाळे ह्याच ओट्यावर निजली मी, कोन्या मच्छरानं उचलून नेलं का मले?’’ त्यात मास्तरीणबाईंनी तेल ओतलं. म्हणे, ‘‘बहिणाबाईंच्या माहेरचं गाव हे. त्यांच्या काळी कोणी जाळ्या लावल्या होत्या? जगलेच ना लोक?’’ आणि त्यांचाच नातू, तो मेडिकलला आहे ना, पटकन म्हणाला, ‘‘आजी, जगले ते सांगतात. गेले ते कुठे सांगायला येतात?’’ अहो, आजीच्या हातातला चहा तसाच राहिला.

तो पोरगा मग थांबतो कसला! सगळ्यांना बसवून गोष्टच सांगितली. म्हणे, 1897 साली सिकंदराबादला रॉस साहेबानं डासाच्या पोटात मलेरिया शोधून काढला, पण लोकांना पटेना. हवा वाईट, पाणी वाईट, हेच धरून बसलेले. तेव्हा 1900 च्या उन्हाळ्यात सॅम्बन आणि लो असे दोन डॉक्टर इटलीत रोमजवळच्या दलदलीत जाऊन राहिले, जाळी लावलेल्या झोपडीत. दिवसभर बाहेर हिंडायचे, तिथलंच पाणी प्यायचे, फक्त सूर्य मावळायच्या आत जाळीत. आसपासची माणसं तापानं फणफणलेली, आणि हे दोघं ठणठणीत! सासूबाई म्हणाल्या, ‘‘त्याईच्या बायका कुठं व्हत्या तवा?’’ नातवाला उत्तर सुचेना. पण म्हातारीनं मुद्दा मनात धरला होता, हं.

तर काय सांगत होते... हां, वहिनी लगेच फुशारल्या, ‘‘आता एक किडा आत येणार नाही.’’ नातू म्हणाला, ‘‘काकू, वालुमाशी येईल.’’ म्हणे ह्या साध्या जाळीत एका इंचाला एकीकडून अठरा आणि दुसरीकडून सोळा भोकं. डास अडतो, माशी अडते, पण वालुमाशी डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, ती सहज शिरते. आणि तिच्यामुळे पोरांना तो चांदीपुरा ताप होतो. नाव आपल्या नागपूरकडच्या गावाचं, 1965 साली तिथे सापडला. अजून बारीक जाळी लावली तर वारा अडतो. मग उपाय काय? तर ती माशी राहते मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलीत, भेगा बुजवा. सगळ्यांचे डोळे एकदम त्यांच्या मागच्या धाब्याच्या भिंतीकडे! वहिनी कानापर्यंत लाल. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी हजर.

पण सुख झालं, खोटं कशाला बोलू? उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे घातले, कुरडया घातल्या, ना माशी ना मांजर, ना काठी घेऊन कोणी राखण बसलेलं. लाइट गेली की आपण सगळे घामाघूम, आणि त्यांची लेक तान्ह्याला घेऊन अंगणात बाजेवर झोपलेली. मच्छरदाणीचा कोंडमारा नाही, अगरबत्तीचा धूर नाही. मला हेवा वाटला, सांगून टाकते.

आता निगेचं ऐका, खरी गंमत तिथे आहे. समोर गिरणी, म्हणजे पीठ उडणारच. महिन्याभरात जाळी पांढरी. दादांना घाई. पाइप लावला नि मारलं पाणी सरळ! अहो, पिठाची झाली खळ, आणि ती वाळली एकेका भोकात. आत वाऱ्याची झुळूक नाही. सासूबाई पदरानं वारा घेत ओरडतायत, ‘‘जायी पक्की शिवून टाकली रं ह्यानं!’’ तेव्हा फॅब्रिकेशनवाल्यानं येऊन शिकवलं. आधी कोरड्या मऊ ब्रशनं झटकायचं, दोन्हीकडून. मग साबणाचं कोमट पाणी, स्पंजनं, हलक्या हातानं. मग साधं पाणी. तारेची घासणी नाही, फरशीचं अ‍ॅसिड तर मुळीच नाही. खालच्या पट्टीत माती साठते, तिला जुना टूथब्रश. पाणी निघून जायला तिथे बारीक भोकं असतात, ती काडीनं मोकळी ठेवायची. नाहीतर पाणी आत तुंबतं आणि दार अडकतं.

आणि ते भरीत! तुम्ही होतात ना त्या रात्री? कोवळी, हिरवी-पांढरी वांगी, 2016 साली जीआय मिळाला म्हणून दादा पाहुण्यांना ऐकवत होते, आणि पऱ्हाट्यांचा जाळ पेटवला कुठे? जाळीला खेटून. वारा फिरला, ठिणग्या उडाल्या, आणि फायबरग्लासला ही एवढी भोकं. जावईबापू लाकडी बडजीत मिरच्या ठेचत होते, ते म्हणाले, ‘‘मामा, आता डासांना दार नको, खिडक्या झाल्या.’’ दादांचा चेहरा त्या वांग्यासारखा! वहिनींनी मात्र रात्रीच उरलेल्या जाळीचा तुकडा कापून नायलॉनच्या दोऱ्यानं शिवला. शहाणपण केलं. भोक आज बोटाएवढं असतं, उद्या मांजराएवढं होतं.

मग जूनचं वावधन. मास्तरीणबाईंच्या कडुनिंबाचा पाला सगळा वरच्या जाळीवर. त्यावर पाऊस, की जाळी पोटासारखी लोंबली, कडेची रबरी पट्टी सुटली. वहिनी म्हणतात झाड तुमचं, मास्तरीणबाई म्हणतात जाळी तुमची. आठ दिवस बोलणं बंद, बरं का! शेवटी नातवानं शिडी लावून पाला काढला आणि दादांनी पट्टी पुन्हा दाबून बसवली. आता दर वाऱ्यानंतर पाला झाडायचा, आणि वर्षातून एकदा पट्टी नि खिळे बघायचे, असं ठरलंय. पाला काढणार मास्तरीणबाईंचा नातू, चहा देणार गिरणीवाले. चहा कसा असतो ते त्या नातवाला विचारा...

हां, तर आशाताई. वहिनी तोऱ्यात म्हणाल्या, ‘‘आमच्याकडे नका वेळ घालवू, आम्ही जाळीत राहतो.’’ आशाताई हसल्या आणि सरळ कोपऱ्यातल्या कूलरचं झाकण उचललं. पावसाळा लागल्यापासून कूलर बंद, पाणी तसंच. टॉर्च मारला तर वळवळ वळवळ! म्हणाल्या, ‘‘काकू, डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो आणि दिवसा चावतो. बाहेरचा डास तुम्ही अडवलात, पण हे घरात जन्मलेले. ह्यांना बाहेर जायला वाटच नाही, ते चावणार कोणाला?’’ आणि पाळणा तिथून दोन हातांवर! वहिनींच्या तोंडावर रंग म्हणून राहिला नाही. आशाताईंनी समजावलं, नुसतं पाणी ओतून भागत नाही, कूलरची कड घासा. अंडी कडेला चिकटून कोरड्यात महिनोन्‌महिने तग धरतात. आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा. टाकी, रांजण, फ्रिजमागचा ट्रे, सगळं रिकामं. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

आणि मग बोलल्या कोण? सासूबाई! ‘‘मी म्हनत व्हती ना, जायी काय करीन, घरातल्याईले अक्कल पाह्यजे!’’ तेव्हापासून कारभार म्हातारीकडे. बाज दाराशी ओढली आहे, काठी हातात. कोणी दार अर्धं उघडं ठेवून बोलत उभं राहिलं की काठी वाजते. कोरडा दिवस त्यांनी शुक्रवार ठरवलाय, आणि दादांनी घासलेला कूलर त्या स्वतः बोट फिरवून तपासतात. आज सकाळी मास्तरीणबाई साखर मागायला गेल्या, उंबऱ्यातच गप्पा सुरू केल्या, तर म्हातारी म्हणाली, ‘‘आत ये नाहीतर जाय, माझ्या पणतूले चावीन!’’ मास्तरीणबाई साखर न घेताच परत आल्या. मला म्हणाल्या डायबिटीस आहे, साखर नकोच होती. तुम्ही जाल ना संध्याकाळी बाळाला बघायला? तर पटकन आत शिरा, बाई, बोलणं आत गेल्यावर.